बर्फावरचा कप्तान कोच कसा झाला, आणि आपल्या पोरांचं खेळ थांबल्यावर काय?

पाटीवरचा_गुरुजी (परभणी)

मंडळी, रामराम.

विषय आडवळणाचा आहे, पण महिनाभर डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसलो. लांबेल, सांभाळून घ्या.

मी आधी खो-खो खेळलो, मग एकतीस वर्षं शाळेत क्रीडाशिक्षक होतो. गेल्या हिवाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला होतो. हिचा दिवस बाळ-बाळंतिणीत जायचा, मला काही काम नाही. एका संध्याकाळी जावईबापू म्हणाले, "बाबा, चला, रॅलेला आईस हॉकीची मॅच दाखवतो." कॅरोलिना हरिकेन्स हा तिथला संघ. मला त्या खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं.

बर्फाचं मैदान २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. चेंडू नाही, काळी रबरी चकती, तिला पक म्हणतात. उसळू नये म्हणून मॅचआधी ती गोठवून ठेवतात. बसल्या जागी गुडघ्यांना गारवा लागायला लागला. खेळाडू वळला की स्केटच्या पात्याचा आवाज यायचा, विळ्यानं ओलं कडवळ कापताना येतो तसा, खस्स खस्स. पहिली दहा मिनिटं ती चकती मला दिसलीच नाही. मग नजर खेळावरून निघाली ती बाकाकडं गेली आणि शेवटपर्यंत तिथंच राहिली.

दर चाळीस-पन्नास सेकंदांनी तिघं कठड्यावरून उडी मारून आत जात होते आणि आतले तिघं दमून बाहेर येत होते. गोलकीपर धरून एका वेळी सहा जण मैदानात असतात. त्यातले आघाडीचे तिघं एकत्र उतरतात, एकत्र परततात. एकमेकांच्या सवयी त्यांना पाठ असतात. अहो, ही तर आपली संरक्षणाची तुकडी! खो-खोत तिघांची तुकडी लावताना आपण किती विचार करतो? पहिला कोण, साखळी कोण लांबवेल, दमलेल्याला पोलजवळ कोण आडोसा देईल. तोच विचार इथं मिनिटाला चालला होता, आणि खेळ न थांबवता.

हे सगळं चालवणारा माणूस बाकामागं हाताची घडी घालून उभा होता. सूट घातलेला, मान जाड, नाक कधीतरी मोडून बसलेलं. गोल झाला तेव्हा प्रेक्षक उभे राहिले, हा मात्र पुढच्या तिघांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगत होता. जावयाला विचारलं, हा कोण? म्हणाले, "रॉड ब्रिंडामोर. आधी याच संघाचा कप्तान होता."

घरी आल्यावर नातू झोपेपर्यंत मांडीवर आणि फोन हातात, असा रोज थोडं थोडं वाचत गेलो.

जन्म १९७० चा, ओटावाचा. वाढला कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या कॅम्पबेल रिव्हर गावात. तिकडच्या एनएचएल या मोठ्या लीगचे संघ दरवर्षी नव्या पोरांतून आळीपाळीनं निवड करतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. १९८८ साली सेंट लुईसनं त्याला नवव्या क्रमांकावर उचललं. १९९१ ला फिलाडेल्फियाला गेला आणि तिथं एकही मॅच न चुकवता सलग ४८४ सामने खेळला. इतक्या धडकाधडकीच्या खेळात! १९९९ ला पाय मोडला तेव्हाच ही साखळी तुटली. त्यानंतर काही महिन्यांत, जानेवारी २००० मध्ये, त्याची अदलाबदल करून कॅरोलिनाला पाठवलं. तुम्ही नऊ हंगाम घाम गाळायचा आणि एक दिवस सांगायचं, उद्यापासून दुसरीकडं. १९९७ ला फिलाडेल्फियाकडून आणि २००२ ला कॅरोलिनाकडून अंतिम फेरी हरला, दोन्ही वेळा डेट्रॉइटकडूनच. शेवटी २००६ ला, वयाच्या पस्तिशीत, एडमंटनविरुद्ध सातव्या आणि निर्णायक सामन्यात स्टॅन्ली कप, म्हणजे लीगच्या विजेतेपदाचा चषक, उचलला. रॅलेच्याच बर्फावर, कप्तान म्हणून.

गोल करणाऱ्यात तो सगळ्यात पुढचा कधीच नव्हता. २००६ आणि २००७, लागोपाठ दोन वर्षं त्याला सेल्की ट्रॉफी मिळाली. ती बचावात सगळ्यात भरवशाच्या आघाडीच्या खेळाडूला देतात. म्हणजे काम काय, तर समोरच्याच्या सगळ्यात भारी पोराला सामनाभर बांधून ठेवायचं आणि पंचानं चकती टाकली की ती आपल्याकडं ओढायची. टाळ्या कमी मिळतात, पण कोच असल्या माणसाशिवाय झोपत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती सांगतो. जानेवारी २०१० ला, हंगाम निम्मा झालेला असताना, कप्तानपद त्याच्याकडून पंचवीस वर्षांच्या एरिक स्टालकडं गेलं. पाय पहिल्यासारखे राहिले नव्हते. आपल्याकडं अशा वेळी माणूस बॅग उचलतो आणि मैदानाचं तोंड बघत नाही. मी स्वतः पाहिलंय. हा त्याच ड्रेसिंग रूममध्ये बसला आणि उरलेला हंगाम खेळला. जूनमध्ये निवृत्त झाला तेव्हा १४८४ सामने, ४५२ गोल आणि ७३२ गोलसाहाय्य नावावर होते. क्लबनं त्याला नव्या पोरांना घडवायच्या कामावर ठेवून घेतलं. २०११ पासून सहायक कोच. अशी सात वर्षं! छताला त्याची १७ नंबरची जर्सी मानानं टांगलेली, आणि खाली हा दुसऱ्यांच्या हाताखाली काम करतोय. मे २०१८ ला मुख्य कोच झाला.

२००९ नंतर त्या संघानं बाद फेरी पाहिली नव्हती. याच्या पहिल्याच हंगामात, २०१९ ला, ते तिथं पोचले आणि आदल्या वर्षीच्या विजेत्या वॉशिंग्टनला त्यांच्याच घरी सातव्या सामन्यात, दुसऱ्या जादा वेळेत हरवलं. तेव्हा कॅरोलिनाचा कप्तान कोण? जस्टिन विल्यम्स, २००६ च्या विजयातला याचाच सोबती. २०२१ ला ब्रिंडामोरला जॅक अ‍ॅडम्स पुरस्कार मिळाला, म्हणजे लीगचा सर्वोत्तम कोच.

आता माझा प्रश्न. ज्या दिवशी कप्तानपद गेलं त्या दिवसापासून सात वर्षांच्या सहायकपदापर्यंत या माणसाला खेळाजवळ कशानं धरून ठेवलं? आणि आपली पोरं पंचविशीतच मैदानापासून तुटतात, त्यांना धरून ठेवायला आपण काय केलं? माझ्या हाताखाली एक मुलगी होती, राज्य पातळीला खेळलेली. तिच्याइतका पोल कुणाला कळत नव्हता. आज ती औषधाच्या दुकानात हिशोब लिहिते. मी तिच्या दुकानात गोळ्या आणायला जातो, मैदानाचा विषय ती काढत नाही, मीही काढत नाही.

लातूर_टू_टोरंटो

गुरुजी, वाचून फार बरं वाटलं. मी मूळचा औशाचा, इथं अठरा वर्षं झाली. माझी दोन्ही पोरं हॉकी खेळतात. पहाटे साडेपाचला त्यांना रिंकवर सोडणं हे माझं निम्मं आयुष्य आहे.

तुमच्या मुद्द्याला पुरवणी देतो. खेळाडू म्हणून वेन ग्रेट्स्की बघा, गोल आणि गोलसाहाय्य मिळून २८५७ गुण, त्याच्या जवळपासही कुणी नाही. २००५ ते २००९ फिनिक्सचा कोच होता, चार हंगामांत एकदाही संघ बाद फेरीत गेला नाही. त्याला जे दिसायचं ते दुसऱ्याला सांगून दिसत नाही, असं इथले जुने लोक म्हणतात आणि मला ते पटतं. उलट स्कॉटी बोमन. तरुणपणी डोक्याला मार लागून खेळ संपला आणि कोच म्हणून नऊ स्टॅन्ली कप जिंकले. टँपाच्या संघाचा कोच जॉन कूपर तर आधी वकील होता. २०२० आणि २०२१ असे लागोपाठ दोन कप. म्हणजे मोठा खेळाडू असणं ही अट नाहीच. मार्टिन सेंट लुईसला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं. तो पुढं लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला आणि २०२२ ला मॉन्ट्रियलनं त्याला कोच केलं, तेव्हा त्याआधीचा अनुभव म्हणजे स्वतःच्या पोरांच्या संघाला शिकवलेलं.

ब्रिंडामोरचा एक सामना मी विसरू शकत नाही. २२ फेब्रुवारी २०२०, इथंच टोरंटोत. कॅरोलिनाचे दोन्ही गोलकीपर जखमी झाले. अशा वेळेसाठी तेव्हा स्टेडियममध्ये एक राखीव गोलकीपर ठेवलेला असायचा, जो कुठल्याच संघाचा नसायचा. तो होता डेव्हिड एअर्स. वय ४२, रिंकचा बर्फ सांभाळण्याचं काम करणारा, आईनं दिलेल्या किडनीवर जगणारा. आला आणि पहिले दोन्ही फटके आत गेले. आम्ही टोरंटोवाले खुश. त्यानंतरचे आठच्या आठ त्यानं अडवले. कॅरोलिना ६-३ नं जिंकली. नीट बघा, त्याच्याकडं मुळात मोजून दहाच फटके आले. तिसऱ्या भागात सगळा संघ त्याच्यापुढं भिंतीसारखा उभा होता. आयुष्यभर बचावाचं काम केलेल्या माणसाचा संघच असा उभा राहू शकतो. त्या रात्री मी माझ्या संघाविरुद्ध टाळ्या वाजवल्या.

गोदाकाठ_नांदेड

सर, लिहिलंय भारी. पण एक बोलू का? राग मानू नका.

तुम्ही म्हणायलात, त्याला कशानं धरून ठेवलं. सर, पगारानं! सात वर्षं सहायक राहिला म्हणता, पण त्या सात वर्षांत त्याचं घर चालायलं होतं ना. इथं काय हाय? मी कबड्डी खेळलो, विद्यापीठाच्या संघात होतो. सरकारी नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणात बसावं म्हणून चार वर्षं प्रमाणपत्रं घेऊन फिरलो. शेवटी एका कार्यालयात फाईल कुठं गेली तेच कुणाला सांगता येईना. आता हळदीच्या आडतीवर हाय. संध्याकाळी पोरं बोलावतात, "दादा, या की शिकवायला." जातो बी. पण पेट्रोल माझं, चहा माझा, आन् कुणाचा गुडघा गेला तर दवाखान्यात पळायचं बी मीच.

तुमच्या त्या मुलीला तुम्ही बोलावलं नाही याचं कारण तुम्हाला बी माहीत हाय. बोलावून देणार काय?

पाटीवरचा_गुरुजी

दादा, राग कशाचा? तुम्ही बोललात ते खरं आहे आणि मला टोचलं, कारण ते माझ्याही मनात होतं.

फक्त एक गोष्ट बघा. तिथं एका कोचच्या हाताखाली तीन-चार सहायक असतात. एक बचावाचं बघतो, एक फक्त गोलकीपरचं. त्याखाली दुय्यम लीगचे संघ, तिथंही कोच. म्हणजे निवृत्त खेळाडूला उतरायला पायऱ्या आहेत. आपल्याकडं एकतर खेळाडू, नाहीतर थेट शासनाचा प्रशिक्षक, आणि मधे विहीर. पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स आहे, तो आमच्या जिल्ह्यातल्या किती पोरांनी केला ते मी बोटांवर सांगू शकतो. शाळेत एका शिक्षकाकडं पाचशे मुलं आणि पाच खेळ होते. मला त्या वेळी एक सहायक मिळाला असता तर? आणि खरं सांगायचं तर मी कधी मागितलाही नाही.

रिटायर_हवालदार (आष्टी, बीड)

गुरुजी, आईस हॉकी आपल्या देशातबी हाय, तेवढं सांगतो. मी दोन हिवाळे लेहला होतो.

तिथं मशीननं गोठवलेलं मैदान नव्हतं तेव्हाची गोष्ट. कारझूचं तळं गोठायचं, त्यावर खेळ. नाहीतर सपाट जागेवर रात्री पाइपानं पाणी सोडायचं, पातळ थर गोठू द्यायचा, पुन्हा पाणी, पुन्हा थर. उणे वीसला हातातला पाइप हाताला चिकटायचा. बर्फ टिकायचा दोन-अडीच महिने, म्हणून पोरं पहाटेपासून रांगेत. गोलकीपरचे पॅड एकच जोडी. मधल्या सुट्टीत या गोलकीपरनं सोडायचे, त्या गोलकीपरनं घालायचे. आन् शिकवायला कोण? सकाळी जो स्वतः खेळतो तोच पोरगा संध्याकाळी लहान्यांना शिकवायचा. त्याला कुणी पगार देत नव्हतं. गोदाकाठ दादा, तुमचं चुकलं असं म्हणत नाही. पाहिलं ते सांगितलं.

त्यातूनच पोरींचा भारताचा संघ उभा राहिला. २०१६ ला पहिल्यांदा बाहेर खेळल्या. २०१७ ला बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ नं हरवलं, तो पहिला विजय. २०१८ च्या जानेवारीत कॅनडाची हेली विकेनहायझर, ऑलिंपिकची चार सुवर्णपदकं असलेली बाई, लेहला येऊन पोरींना शिकवून गेली. २०२५ ला आशिया पातळीला कांस्यपदक आलं. बहुतेक पोरी लडाखच्याच.

बर्फावरून आठवलं. आमच्या तालुक्यातला अविनाश साबळे, मांडव्याचा. फौजेत भरती झाला, सियाचिनला राहून आला, आणि पळायला लागला ते त्यानंतर. बारावी झालेल्या शेतकऱ्याच्या पोराला खेळात टिकवलं ते फौजेच्या नोकरीनं आन् फौजेच्या कोचनं. दोन्ही लागतं.

साखळी_धाराशिव

गुरुजी, मी खो-खोवाली आहे, त्यामुळं तुमचं तुकडीचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या जिल्ह्यात हा खेळ किती रुजलाय ते तुम्हाला सांगायला नको. सारिकाताई काळेंना २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा आम्ही मैदानावरच पेढे वाटले होते. २०२५ च्या पहिल्या विश्वचषकात मुलींची कप्तान प्रियंका इंगळे, तीही मूळची शेजारच्या बीड जिल्ह्यातली.

मी तीन वर्षांपासून शिकवते. टोरंटोच्या दादांशी माझं थोडं वेगळं मत आहे. मोठा खेळाडू शिकवू शकत नाही असं नाही. स्वतःचं शरीर विसरायला वेळ लागतो, एवढंच. मी खेळताना पोलला पोचायच्या आधी डावा खांदा खाली टाकून आक्रमकाला फसवायचे. पहिलं वर्षभर सगळ्या मुलींना तेच शिकवत बसले. एकीलाही जमेना, मी ओरडायचे, त्या रडायच्या. मग एक दिवस एका मुलीला नुसतं विचारलं, "तुला मागून येणारी कधी कळते?" ती म्हणाली, "ताई, पायांच्या आवाजावरून." मला तो आवाज कधी ऐकूच आला नव्हता, मी बघून खेळायचे. त्या दिवसापासून तिला खांद्याचं सांगायचं सोडलं. आता ती तुकडीत तिसरी उतरते आणि सगळ्यात जास्त वेळ टिकते.

ब्रिंडामोरच्या त्या सात वर्षांत हेच झालं असेल असं मला वाटतं. चौदाशे सामने खेळलेल्या माणसाला दुसऱ्याचे कान आणि दुसऱ्याचे पाय समजून घ्यायला सात वर्षं लागणारच.

आणि गुरुजी, त्या मुलीला विचारा. ती विषय काढत नाही म्हणजे तिला नको आहे असं नसतं. मला माझ्या सरांनी विचारलं नसतं तर मीही काढला नसता.

रोलरवाला_संभाजीनगर

मी रोलर हॉकी खेळतो, सिमेंटच्या मैदानावर. चाकावर आणि पात्यावर थांबण्यात खूप फरक आहे. बर्फावर पाय आडवा घातला की पातं बर्फ खरवडत थांबतं, सिमेंटवर तसं केलं तर तोंडावर पडाल. आमचा कोच २४ वर्षांचा आहे, अजून स्वतः स्पर्धा खेळतो. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर चाकं तापून मऊ पडतात म्हणून साडेपाचला प्रॅक्टिस. हवालदार काकांनी पॅडचं सांगितलं, आमच्याकडंही अगदी तसंच आहे. हा धागा कोचला पाठवला आहे.

लातूर_टू_टोरंटो

साखळी ताई, मान्य. तुमचं वाचून माझं मत थोडं बदललं.

गुरुजींनी न लिहिलेलं एक सांगतो. कोच म्हणून ब्रिंडामोर २०१९, २०२३ आणि २०२५ असा तीनदा पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत, म्हणजे स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीच्या एक पायरी आधी, अडकला. २०२३ ला फ्लोरिडाविरुद्धचे चारही सामने एकेका गोलनं गेले. त्यातला पहिला चौथ्या जादा वेळेपर्यंत चालला आणि ती संपायला तेरा सेकंद असताना हरले. मी रात्री दोनपर्यंत जागा होतो. त्यानंतरही क्लबनं त्याला काढलं नाही. आपल्याकडं जिल्हा संघ एकदा हरला की पुढच्या वर्षी कोच बदलतात. गोदाकाठ दादा, पगाराइतकंच हेही महत्त्वाचं आहे.

गोदाकाठ_नांदेड

हे मात्र शंभर टक्के. आमच्याकडं तर हरायच्या आधीच बदलायलेत.

साखळी ताई, तुमच्या पायांच्या आवाजाचं कालपासून डोक्यात हाय. आज संध्याकाळी पोरांना डोळे झाकून उभं केलं आन् मागून पळत गेलो. अकरा जणांत चौघांना कळलं. त्यातला एक तर असा पोरगा हाय ज्याला मी दोन महिने बाहेर बसवलं होतं.

पाटीवरचा_गुरुजी

मंडळी, चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण आधी दुकानात जाऊन यायचं होतं.

गेलो. गर्दी होती, थांबलो. गिऱ्हाईक गेल्यावर सरळ विचारलं, "आठवीच्या मुलींची तुकडी लावायला येतेस का? मी मुख्य, तू सहायक. माझ्या पेन्शनमधून महिन्याला थोडे देईन. फार नाहीत, पण ठरलेल्या तारखेला देईन. आणि एनआयएसच्या कोर्सचा फॉर्म दोघं मिळून भरू." ती वहीत बघत राहिली. मग म्हणाली, "सर, माझा गुडघा अजून पूर्ण वाकत नाही." मी म्हटलं, "तुला पळायचं कुठंय? बाहेर उभं राहून बघायचंय." त्यावर तिनं एकदम विचारलं, "तुकडीत पहिली कोण उतरतीये सध्या?" मी नाव सांगितलं. म्हणाली, "तिला पहिली नका उतरवू, ती शनिवारी मैदानावर दिसली होती, घाबरून पहिल्याच मिनिटात सगळा दम घालवते. तिसरी ठेवा."

म्हणजे ती मैदानाकडं बघत होती, इतके दिवस.

सोमवारी पहाटे साडेपाचला येते म्हणाली. मैदानावर पाटी आखायची फक्की संपली आहे, ती उद्या बाजारातून आणायची आहे. दोन शिट्ट्याही आणतो.